मांडीएवढ्या उंचीचे वाफे

हाइवेइ,
९ मार्च १९८६

सौ. बाओ-ल्येन ताईस,
सा. न. वि. वि.

वाफा किती उंच बांधला म्हणजे समुद्र त्यात शिरणार नाही, असं आईने काल मला विचारलं. शेतकी महाविद्यालयात चार वर्षं काढून, आपल्या घरातली पहिली पदवी बाबांच्या फोटोशेजारी टांगून मी तिच्यासमोर उभी होते, आणि मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात वाफ्याची रुंदी आहे, मातीचं प्रमाण आहे, दोन वाफ्यांतलं अंतर आहे. समुद्राबद्दल काही नाही. मांडीएवढा, असं मी आपलं सांगून टाकलं, कारण तेवढ्या उंचीला तिला वाकावं लागणार नाही. त्यावर ती म्हणाली, समुद्राला माझ्या कमरेचं काय कौतुक.

परसात आता काहीच उगवत नाही. मागच्या दाराशी घोसाळ्याचा मांडव होता त्या जागी पांढरी खपली धरलीय. वाम मासे पाळणारे तळ्यांचे मालक दिवसरात्र पंप लावून जमिनीखालचं गोडं पाणी उपसतात, आणि जमीन तेवढीच खाली बसते. अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला मोरीतून पाणी उलटं वर येतं. आई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून स्वयंपाक करते. फक्त भाजीची गाडी गल्लीत आली की तिचं तोंड सुटतं. डुकरांना घालायचो तो रताळ्याचा पाला आता विकत घ्यायचा, म्हणजे आपल्या जुन्या डुकरांनी वरून बघून हसायचं, असं ती गाडीवाल्याच्या तोंडावर म्हणते.

नववर्षाला तू तिला घेऊन जायला आली होतीस तेव्हा ती काय म्हणाली, ते आठव. परसात एका जेवणापुरता पाला उगवतोय तोवर मी हलणार नाही. ज्या दिवशी तोही नसेल त्या दिवशी मुकाट्याने येईन. परस उजाड पाहून तू तो होकार धरलास. मी मात्र शब्द तसाच्या तसा धरलाय. म्हणून तोउलिऊच्या रोपवाटिकेतल्या नोकरीला नाही कळवून टाकलं. आपल्या परसात जमलं तर सगळ्या गल्लीत जमेल, आणि गल्लीत जमलं तर लोक गाव सोडून का जातील? हसू नकोस.

दाजींना नमस्कार. धाकटीवर आहे तशीच माया असू दे.

तुझी,
युए-शिया

•

सानचुंग,
२१ मार्च

चि. अ-शियास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस म्हणून मी हसले नाही. तुझे दाजी हसले. शिकलेली मेव्हणी माती वाहतेय आणि सहावी पास बायको पंख्याखाली बसून कॉलर शिवतेय, मग शाळा नक्की कशासाठी असते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, निदान तिच्या वाफ्यात काहीतरी उगवेल, तुमच्या डोक्यावर तर तेही नाही. दोन दिवस घरातही टोपी घालून बसलेत.

आता माझं ऐक. इथे एक खोली मोकळी केलीय. शिलाईचं यंत्र आमच्या पलंगाच्या पायथ्याशी सरकवलं. चौथा मजला आहे, खरंय, पण जिन्याला कठडा आहे, आणि गॅलरीत डबे ठेवून तिला हवा तो पाला लावता येईल. मागच्या वादळात तिच्या खाटेखाली विटा घातल्या होत्या. या नववर्षाला आले तर त्या दुप्पट झालेल्या. तू त्या मोजल्या नसशील, कारण तू वर बघून चालणारी. मी लहानपणापासून पायाकडे बघत आलेय.

बाबांना समुद्राने नेलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पाण्यातला, कालवं वाढवायचा बांबूंचा मांडव वाचवायला ते गेले, मांडव सापडला, ते सापडले नाहीत. आई किनाऱ्यावर उभी राहून त्यांना शिव्या देत होती, इतक्या मोठ्याने की लोकांनी मला लांब नेलं. तुला यातलं काही आठवत नाही, म्हणून तू समुद्राशी करार करायला निघालीस. माझं तसं नाही गं. एका घरातली दोन माणसं मी त्याला देणार नाही.

तुझे वाफे फुकट जावेत असं मी समुद्रापासून राखणाऱ्या माझू देवीपाशी मागणार नाही. पण ते साधावेत असंही माझ्याच्याने मागवत नाही.

जपून राहा. रागावलीस तरी पत्र टाकणं थांबवू नकोस.

तुझी ताई,
बाओ-ल्येन

•

हाइवेइ,
४ मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. वेळच नव्हता.

तीन वाफे उभे राहिले. बाजूंना कालवांच्या मांडवाचे जुने बांबू चिरून विणले; इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेत की त्यांना कीड तोंड लावत नाही. तळाशी धुतलेल्या शिंपल्यांचा थर, त्यावर पेंढा, त्यावर साखर कारखान्याची मळी आणि किनाऱ्यापासून लांबच्या उसाच्या शेतातली माती. आणि सगळ्याच्या आतून, तळापासून काठापर्यंत, वामींच्या तळ्यांना घालतात ते जाड काळं प्लास्टिक. सांधे मी इस्त्रीने चिकटवले. इस्त्री गेली. आईने दोन दिवस त्या इस्त्रीचं सुतक पाळलं, मग म्हणाली की तसंही या गावात कडक घडी घालून जायचं तरी कुठे.

मला या प्लास्टिकचा अभिमान वाटतो, ताई. बाहेरचा थेंब आत येणार नाही, आतला बाहेर जाणार नाही. गोडं पाणी आता इतकं दुर्मीळ झालंय की ते वाया गेलेलं बघवत नाही. गल्लीतले सगळे बघून गेले. शेजारच्या त्साइ काकूंनी एक वाफा लाथ मारून पाहिला आणि म्हणाल्या, इतकी पक्की तर कोणी शवपेटीसुद्धा बांधत नाही. मग जीभ चावून तीनदा थुंकल्या आणि घाईघाईने देवळात गेल्या.

कलमी भाजी, कांद्याची पात आणि रताळ्याचे वेल लावले. आठवड्यात कोंब आले. आई पहाटे उठून, चूल पेटवायच्या आधी, कंबरेवर हात ठेवून वाफ्याशी उभी राहायची. न वाकता. मी खिडकीतून बघायचे आणि मला वाटायचं की चार वर्षं कशासाठी शिकले ते हेच.

आता वाईट सांगते. पानांच्या कडा तपकिरी होतायत, दिव्यावर धरल्यासारख्या. आधी कडा, मग पान, मग देठ. तिन्ही वाफ्यांत. मी सावली केली, वाऱ्याच्या बाजूला जाळी लावली, विहिरीचं पाणी बंद करून नुसतं पावसाचं साठवलेलं घालते. कॉलेजातल्या बाईंकडे माती पाठवली. त्यांनी कळवलं की मीठ आहे, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त आहे. कुठून येतं? भरती वाफ्यांच्या बुडाला नुसती ओलवून जाते, आत एक थेंब शिरत नाही. मी रोज हात लावून बघते.

तुला सुचलं काही तर लिही. आणि माझ्यावरचा विश्वास थोडा शिल्लक ठेव.

तुझी,
युए-शिया

•

सानचुंग,
१४ मे

चि. अ-शियास,
अ. उ. आ.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुझं पत्र वाचलं आणि आमच्या शिलाईच्या ओळीतल्या सगळ्या गावाकडच्या बायका डबा टाकून गोळा झाल्या. एक म्हणाली माशाचं डोकं पुर. दुसरी म्हणाली वाफ्याचं तोंड चुकीच्या दिशेला असेल. तिसरीने विचारलं, तुझ्या बहिणीचं लग्न ठरलंय का. मी तिला म्हटलं, आधी पाला ठरू दे.

खरं सांगू का, मी जिंकतेय असं वाटून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तू पहाटेच्या आईबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि कॉलर उलटी शिवली.

मला शास्त्र कळत नाही, पण एक आठवतं. आपली घोसाळी दंडाएवढी व्हायची. काकूंचीही. कारण काय, तर आई दुपारी कालवं फोडून झाली की धुवणाची बादली सरळ वेलाच्या बुडाशी ओतायची. गल्लीतली प्रत्येक बाई तेच करायची. त्या पाण्यात कालवांचा रस, बारीक मांस, सगळं असतं. फेकणं पाप, असं आजी म्हणायची. तुझ्या मळीत नसेल तेवढा कस त्या बादलीत असेल. आईला सांग, बादली मोरीत सांडू नकोस, वाफ्यात ओत. बघ, पाला उठेल.

आईच्या पायाची सूज कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस. लिही.

तुझी ताई,
बाओ-ल्येन

•

हाइवेइ,
८ जून

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचताच मी परसात गेले. दुपार होती. आईला काही सांगायची गरज नव्हती. ती बादली तिसऱ्या वाफ्याच्या काठावर टेकवून उभी होती आणि ओंजळीने, प्रत्येक रोपाच्या बुडाशी बेताने, धुवणाचं पाणी घालत होती. सगळ्यांत जास्त कोमेजलेल्या रोपाला जरा जास्त.

ती पहिल्या दिवसापासून घालतेय. मी त्या वेळी किनाऱ्यावर बांबू आणायला नाहीतर मळी भरायला गेलेली असायचे. तिने लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही. पाणी जसं आपण रोज पितो तसं.

जुन्या परसात ते खारं धुवण चालायचं, ताई. मोकळी जमीन होती, पावसाबरोबर मीठ खाली निघून जायचं आणि कस वर राहायचा. माझ्या वाफ्यातून काहीच निघून जात नाही. मीच तसा बांधलाय. इस्त्रीने सांधे चिकटवून.

मी तिला बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. वर्गात सांगतात तसं, चित्र काढून. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग बादली घासून भिंतीला उलटी टांगली. तेव्हापासून ती धुवण मोरीत ओतते आणि मागच्या दाराने जात नाही. काकूंकडे जायचं तरी पुढच्या रस्त्याने वळसा घालून जाते. काकूंना म्हणाली म्हणे, माझा हात लागतो ते जातं, आधी नवरा, आता परस. मी खोटं बोलले नव्हते. पण खरं सांगताना ते कोणाच्या अंगावर पडणार आहे, हे आधी बघायचं मला कोणी शिकवलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

दोन वाफे मोडून त्यांची माती फेकली. उरलेल्या एकाचा तळ हातभर उचलला आणि पाणी निघून जायला बांबूच्या नळ्या बसवल्या. नळ्या खाली लावल्या तर भरती आत शिरते, वर लावल्या तर मीठ तळाशी साचतं. मधली एक जागा सापडलीय, वीतभराची. आज सापडलीय, एवढंच म्हणते. सध्या पावसाची झड लागलीय, ती मीठ धुऊन नेतेय. रताळ्याचा एकच वेल जगलाय, त्याचे तुकडे करून पुन्हा लावले.

पायाची सूज आहे तशीच आहे. तुझ्या बादलीच्या सल्ल्याबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस. दोघींना सारखंच जवळ धर.

तुझी,
युए-शिया

•

हाइवेइ,
१८ जुलै

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

एक दिवस सकाळी पाहिलं तर वेलांचे शेंडे खुडलेले. नेमके दोन पानांच्या वर, नवीन फूट यावी म्हणून खुडतात तसे. चोर इतकं नीट खुडत नाही. दुपारी लसूण घालून परतलेला पाला ताटात आला. मीठ घातलं नव्हतं. आई म्हणाली, विसरले. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता सगळा संपवला. मी भराभर तोंडात कोंबत होते आणि ती मला सावकाश खा म्हणून दटावत होती.

सहाव्या चांद्र महिन्याची, बुडालेल्यांची अष्टमी सोमवारी झाली. तुला या वर्षी रजा मिळाली नाही, म्हणून बाबांचा कागदी खांब आम्ही दोघींनीच फिरवला. देवळापुढे यंदा रांग लांब होती. शंभरावर वर्षं चालत आलंय म्हणून लोक करतात, पण आई करते ती बाबांसाठीच. खांबावर तळवा ठेवून ती तो हळूहळू फिरवते, बुडालेला माणूस त्याला धरून वर यावा म्हणून, आणि त्यांच्याशी बोलते. या वेळी म्हणाली, वर या, बघा, तुमची धाकटी समुद्राशी भांडायला बसलीय, अगदी तुमच्यावर गेलीय, कोणाचं ऐकत नाही. मागून कोणीतरी म्हणालं, वहिनी, आटपा, आमचे बाबा पाण्यात ताटकळलेत. आईने मागे न बघता सुनावलं, तुझ्या बापाला जिवंतपणी कधी घाई नव्हती.

घरी येताना म्हणाली, मी उत्तरेला गेले आणि तुझे बाबा वर आले तर दाराशी कोण असेल?

ताई, मी जिंकलेय. एका जेवणापुरता पाला आहे, रोज आहे, आणि तिचा शब्द आहे. तू यंत्र परत त्या खोलीत ठेव. भरती या महिन्यात ओट्याच्या पायरीवर आली होती, पण उतरली.

रागावून माया आटवू नकोस.

तुझी,
युए-शिया

•

सानचुंग,
२३ ऑगस्ट

चि. अ-शियास,
अ. उ. आ.

रेडिओवर सांगतायत की वादळ नेमकं आपल्या किनाऱ्यावर चढलं, आणि मोठी भरतीही त्याच वेळी होती. किराणावाल्याच्या दुकानातला फोन लागत नाही. काल दिवसभर लावला. कारखान्यातल्या मुकादमाने शेवटी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि स्वतः लावत बसला. त्याचंही गाव तिकडचंच.

तुझे दाजी मिळेल त्या गाडीने निघालेत. पूल गेलाय म्हणतात. हे पत्र त्यांच्याआधी पोचेल की नंतर, माहीत नाही. पोचलं तर एका ओळीचं उत्तर टाक. आई आहे, एवढंच लिही. बाकी काही नको, नमस्कारही नको.

ताई

•

हाइवेइ,
३१ ऑगस्ट

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आई आहे. दाजींनी तार केली ती तुला मिळाली असेल. ते गाळ उपसायला थांबलेत, आणि काकू त्यांना जावई म्हणून दोन वेळा जेवायला घालतायत.

आता बाकीचं लिहिते. तार करताना दाजींना मी सगळं सांगितलं नव्हतं.

बावीस तारखेला सकाळी बांध फुटला. आम्ही तिघी देवळाच्या माडीकडे निघालो. मी काकूंना पाठीवर घेतलं होतं, त्यांना पाण्यात चालवत नव्हतं. आई माझ्या मागे होती, तिने माझा सदरा धरला होता. पाण्यात कधीतरी तो हात सुटला. मला वाटलं, ती मागून येतेय. माडीवर पोचून वळले, तर नव्हती.

पाणी छातीपर्यंत चढलं होतं आणि लोकांनी मला खाली जाऊ दिलं नाही. चौघांनी धरून ठेवलं. मी त्यांना चावले, ताई.

दुपारी पाणी उतरायला लागल्यावर आम्ही गेलो. आई वाफ्यात बसली होती. वेलांच्या मधोमध, जाळी लावायच्या बांबूच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून, मांडीवर प्लास्टिकचा तुकडा. पाला झाकायला ती परत गेली होती. खारं पाणी पडलं तर रात्रीत जळून जाईल, हे मीच तिला चित्र काढून शिकवलं होतं. परस गल्लीपेक्षा उंचावर, वाफ्याचा तळही मी उचललेला, म्हणून तिथे पाणी कमी चढलं. पाणी वाफ्याच्या काठाखाली चार बोटांवर थांबलं. वाफा हलला नाही. एकही सांधा उसवला नाही.

गल्लीतली बारा घरं पडली आणि तीन माणसं गेली. किराणावाला त्यात आहे.

पुढचे दोन दिवस लोक वाफा बघायला येत होते. याने तुमच्या आईला वाचवलं, म्हणायचे, बांबूवरून हात फिरवायचे, आमच्याकडे कधी बांधतेस विचारायचे. नळ्यांतून शिरलेलं आणि वरून उडालेलं मीठ पावसाने धुऊन टाकलं होतं. चौथ्या दिवशी वेलांना नवे शेंडे फुटले. असं काही मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. सगळ्या किनाऱ्यावर तेवढंच हिरवं होतं. आईने एक शेंडा खुडून मला दाखवला आणि म्हणाली, बघ, एवढं येऊनसुद्धा त्याला काही झालं नाही. आता मला कोणी इथून उठवू शकत नाही. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

वाफा नसता तर तिने माझा सदरा सोडला नसता. वाफा हवा तसा झाला, मला बांधायचा होता तसाच झाला, आणि तिला देवळापर्यंत येऊ न देणारी सगळ्या गावातली एकच गोष्ट तोच आहे. पुढच्या पाण्यातही ती तिकडेच वळेल, त्याच्या पुढच्याही. बाबा मांडव वाचवायला गेले तशी. आणि लोकांना मी काय सांगत होते, तर तुमच्याकडेही बांधून देते.

त्यानंतरच्या रात्रींत मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. काल सकाळी पहार घेऊन गेले, एवढंच. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून ती परसात असतानाच गेले. ती स्टुलावर बसून वाचलेली कालवं फोडत होती. मी पहिला बांबू उखडला तेव्हा काकू भिंतीवरून ओरडल्या, पोरीला वेड लागलं, धरा तिला. दाजी धावत आले आणि मधेच थांबले. आईची सुरी चालूच होती. मी प्लास्टिक फाडलं, माती परसात ढकलली, वेल ओढायला लागले. मला नीट दिसत नव्हतं.

तेव्हा ती म्हणाली, असं वरवर ओढू नकोस. रताळं आहे ते. एक पेर मातीत राहिलं तरी परत फुटेल, आणि परत फुटलं तर मी जाणार नाही.

मग तिने सुरी पुसून ठेवली, उठून आली, आणि वाकली. आम्ही दोघींनी बोटांनी माती चाळून सगळं काढलं. संध्याकाळपर्यंत लागलं. एक पेर ठेवलं नाही.

परवाच्या गाडीने दाजींबरोबर तिला पाठवतेय. जिना चढताना उजवा गुडघा दुखतो तिचा, घाई करू नकोस. मी मागाहून येईन की नाही ते अजून माहीत नाही. मला कधी माफ करायची वेळ आली तर तिच्या वाटची माफीही तूच कर, ती मला काही बोलणार नाही. तोवर ताई म्हणून हाक मारली तर ओ देत जा.

तुझी,
युए-शिया